योरुबा शब्दांचे अर्थ शोधताना सूर कसा धरायचा? आणि 'बाबा'चं काय?

पानकिडा (प्रश्न)

नायजेरियातल्या काही इंग्रजी कथा मराठीत आणायचं काम चालू आहे. पात्रं योरुबा आहेत आणि बोलता बोलता योरुबा शब्द टाकतात. छापताना अक्षरांखालची टिंबं आणि वरच्या रेघा गाळल्यात, सगळं साध्या रोमन लिपीत आहे. त्यामुळे 'ओको' असा दिसणारा एकच शब्द कुठे नवरा असतो, कुठे गाडी, कुठे कुदळ. जालावरच्या शब्दयाद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

विचारायचं ते असं. हे शब्द देवनागरीत कसे लिहावेत, म्हणजे मराठी वाचकाच्या तोंडी निदान जवळपासचा उच्चार येईल? एखाद्या शब्दाची फोड खरी की कुणी मागाहून रचलेली, हे कसं ओळखायचं? शिवाय बाबा म्हणजे बाप, वाकाती म्हणजे वेळ (आपला वखत?), साबाबी म्हणजे कारण (आपली सबब?) असे शब्द भेटले. एका पानावर तर योरुबा आणि संस्कृत सख्ख्या बहिणी आहेत असं ठासून लिहिलंय. यात तथ्य किती? आणि पात्रांची नावं, 'एग्बोन'सारखे नात्यांचे शब्द भाषांतरित करावेत की तसेच ठेवावेत?

---

सूरपेटी

आधी सूर, मग अर्थ. योरुबात तीन सूर आहेत: खालचा, मधला आणि वरचा. तिथल्या शाळांत ते दो-रे-मी म्हणून शिकवतात, तेव्हा आपल्याला सा-रे-ग आयतेच मिळतात. षड्ज-गंधाराचं नेमकं अंतर धरायचं नाही, फक्त एकमेकांच्या तुलनेत खाली-वर. रोमन लिखाणात स्वरावर उजवीकडे चढत जाणारी रेघ असेल तर ग, उजवीकडे उतरत जाणारी असेल तर सा, रेघच नसेल तर रे. म्हणजे खुणा गाळलेल्या छपाईत प्रत्येक अक्षर 'रे' दिसतं. तुमच्या याद्या जुळत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच.

तुमचा शब्द घ्या. ऑकॉ (रे-रे) नवरा. ऑकॉ (रे-ग) कुदळ. ऑकॉ (रे-सा) होडी किंवा गाडी. ऑकॉ (सा-सा) भाला. तसंच ऑवॉ (रे-ग) हात, (सा-सा) आदर, (रे-सा) केरसुणी. इलु (सा-ग) गाव, (सा-सा) ढोल. बोलणाऱ्याला हे चार वेगळे शब्द वाटतात, एका शब्दाचे चार अर्थ नव्हेत. म्हणून कोशात 'याच शब्दाचा दुसरा अर्थ' असं कुणी लिहिलं असेल तर तो कोश बाजूला ठेवा.

स्वर सात: आ, ए, ॲ, इ, ओ, ऑ, उ. रोमन ई (e) या अक्षराखाली टिंब असेल तर ॲ, ओ-च्या (o) खाली असेल तर ऑ. इथे मराठीची चांगलीच सोय आहे, आपल्याकडे दोन्ही चिन्हं रुळलेली आहेत. ॲ म्हणताना तोंड 'बॅट'पेक्षा थोडं कमी उघडा, बस. टिंब विसरलात तर नुसता उच्चार बिघडत नाही, शब्द बदलतो: ओवो (रे-ग) पैसा, ऑवॉ (रे-ग) हात. सूर तेच, फरक फक्त टिंबांचा.

व्यंजनांत तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, रोमन पी हा आपला प नव्हे. क आणि प एकाच वेळी सोडायचे, आधी क मग प असं नाही. लिहिताना प लिहा, प्रस्तावनेत एकदा सांगा. दुसरं, जी-बी ही जोडी म्हणजे ग आणि ब एकत्र. 'ग्ब' लिहावं, 'गब' किंवा 'गिब' नको. तिसरं, ज हा 'जीव'मधला, 'जाळं'मधला नाही. टिंबवाला एस म्हणजे श.

स्वरानंतर शब्दाच्या शेवटी एन दिसला तर तो न नसून स्वर नाकातून आहे एवढंच सांगतो. म्हणून 'एग्बोन' नाही, ॲग्बॉं (सा-ग). अनुस्वाराने काम भागतं.

एक चाचणी हाताशी ठेवा. अस्सल योरुबा नामं बहुतेक स्वराने सुरू होतात आणि तो पहिला स्वर कधी 'ग' सुरात नसतो. प्रमाण भाषेत नाम उ-ने सुरू होत नाही. एकिती आणि इजेशा बोलींत मात्र होतं, तिथे इले (घर) हे उले होतं. व्यंजनाने सुरू होणारं नाम दिसलं की ते उसनं आहे का, दुहेरी रूप आहे का, की क्रियापदापासून साधलंय, ते बघायचं. 'लॉ' (जाणे) पासून 'लिलॉ' (जाणं), 'जॅ' (खाणे) पासून 'जिजॅ': पहिलं व्यंजन घ्या, त्याला वरच्या सुरातली इ जोडा, पुढे क्रियापद. हा साचा इतका पक्का आहे की असे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

जुनं लेखनही ओळखता यायला हवं. योरुबा पाद्री सॅम्युअल अजायी क्राउथर यांचा पहिला योरुबा शब्दसंग्रह १८४३ सालचा, म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती (१८३१) निघाली त्यानंतर बाराच वर्षांनी. १८७५ मध्ये लागोसला मिशनऱ्यांनी लेखनाचे नियम ठरवले आणि विसाव्या शतकात ते पुन्हा बदलले. त्यामुळे व्यक्तींच्या आणि गावांच्या नावांत अजून एस-एच दिसतं, कोशात त्याच जागी टिंबवाला एस. एकाच कथेत दोन्ही असतील तर देवनागरीत दोन्हीकडे श येतो. आपल्यापुरता प्रश्न मिटला.

---

मोडीवाचक

वरचं सगळं मान्य. पण नुसते सूर लावून फोड कळत नाही, कारण योरुबात दोन स्वर शेजारी आले की बहुधा एक गिळला जातो. कोणता, याचा अंदाज बांधता येतो. क्रियापदापुढे नाम आलं की सहसा क्रियापदाचा स्वर जातो: पा (मारणे) + ॲजा (मासा) = पॅजा, त्याला कर्त्याचा आ लावला की आपॅजा, मासेमार. पण नाम इ-ने सुरू होत असेल तर इ जाते: पा + इना (आग) = पाना. आग विझवणारे ते पानापाना.

आता मेख. स्वर गेला तरी त्याचा सूर पुष्कळदा मागे राहतो आणि शेजारच्या स्वरावर बसतो. कॉ (रे) म्हणजे लिहिणे. इवे (सा-ग) म्हणजे पुस्तक, कागद. आ + कॉ + इवे = आकॉवे, लिहिणारा, कारकून. सूर आहेत रे-सा-ग. मधला कॉ 'सा' झाला, कारण गेलेल्या इ-चा सा त्याच्या गळ्यात पडला. हे माहीत नसलेला माणूस कोशात कॉ (सा) शोधतो, तिथे त्याला 'नाकारणे' मिळतं, आणि मग आकॉवे म्हणजे 'पुस्तक नाकारणारा' असलं काहीतरी लिहून मोकळा होतो. कॉ (ग) म्हणजे शिकणे किंवा शिकवणे, तो तिसराच.

दुसरा साचा 'ओनी' (रे-ग), म्हणजे अमुक ज्याच्याकडे आहे तो. पुढचा शब्द इ-ने किंवा व्यंजनाने सुरू होत असेल तर न टिकतो: ओनी + इले = ओनीले, घरमालक. दुसरा कुठलाही स्वर आला की न-चा ल होतो आणि ओनीचे स्वर पुढच्या स्वरासारखे होतात. आशॉ (कापड) → आलाशॉ, कापडवाला. ॲजा → ॲलॅजा, मासेवाली. एपो (तेल) → एलेपो. ऑकॉ (रे-सा, गाडी) → ऑलॉकॉ. पोलिसासाठीचा शब्द ऑलॉपाआ, त्यात ऑपा (सा-ग) म्हणजे काठी आहे, काठीवाला. शेवटी आ लांबून सा-ग असा का झाला? ऑपाच्या पहिल्या 'सा'ला जागा हवी होती म्हणून. ऑलॉरुं (देव) हा शब्दही याच रांगेतला, ऑरुं (सा-रे) म्हणजे आकाश, स्वर्ग, त्याचा धनी. तिथे मात्र लिखाणात त्या 'सा'ची खूण उरत नाही, तेव्हा नियम डोळे मिटून लावू नका.

फोड तपासायची ती अशी. प्रत्येक तुकडा सुरासकट कोशात मिळाला पाहिजे. गळालेला स्वर परत घातल्यावर जोड जमली पाहिजे. आणि तुकड्यांचा क्रम योरुबा वाक्याचा पाहिजे: आधी क्रियापद, मग कर्म. या तिन्हींतून पार पडली तरी फोड शक्य आहे एवढंच ठरतं, खरी आहे असं नाही.

इबादान या शहराचं नाव ॲबा ऑदां, म्हणजे गवताळ माळाची कड, यावरून आल्याचं सांगतात. यातला ॲबा (सा-ग) म्हणजे कड. ॲबा (सा-सा) म्हणजे गारीचा, कसाव्याच्या रव्याचा गोळा. सूर न बघता कुणी 'माळावरचं जेवण' असा अर्थ लावला तर हसू नका, असे अर्थ छापलेले असतात. आबॅओकुता सोपं: आबॅ (खाली) + ओकुता (खडक), ओलुमॉ खडकाच्या पायथ्याचं गाव, इथे एकही स्वर गळलेला नाही. लागोस हा शब्द मुळात पोर्तुगीज, अर्थ तळी, सरोवरं. योरुबात त्या शहराला एको म्हणतात. ते बेनिन राज्याच्या एदो भाषेतल्या 'छावणी' अर्थाच्या शब्दावरून आलं की योरुबा ओको (शेत) वरून, यावर दोन्ही बाजूंचे लोक हमरीतुमरीवर येतात. अनुवादात पडायचं कारण नाही; पात्र एको म्हणालं तर एको ठेवा.

ओयिंबो (गोरा माणूस) हा शब्द 'सोललेल्या कातडीचा' यावरून आला असं जिथे तिथे वाचाल. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. इमाले (मुसलमान) याची 'इमॉ लिले', कठीण ज्ञान, अशी फोड सांगतात. दुसरा पक्ष तो शब्द थेट माली या देशनामाशी जोडतो, आणि इस्लाम तिकडे ज्या वाटेने आला ती बघता मला दुसरा पक्ष जड वाटतो. गोड अर्थ निघतो म्हणून फोड खरी धरू नये.

उलट नवे घडवलेले शब्द अगदी पारदर्शक असतात. रेडिओला आसॉरॉमाग्बेसी: आ-सॉ-ऑरॉ-मा-ग्बा-एसी, म्हणजे बोलतो पण उत्तर घेत नाही तो. ग्बा + एसी = ग्बेसी, इथे क्रियापदाचा आ गळला. संगणकाला आयाराबिआशा: अंगाने ससाण्यासारखा चपळ. असे शब्द कथेत आले तर अर्थ खुशाल मराठीत उलगडा, वाचकाला मजा येईल.

आणि आदिरॅ. निळीत रंगवलेलं बांधणीचं कापड, आबॅओकुता त्यासाठी प्रसिद्ध. दि (बांधणे) + रॅ (रंगात बुडवणे), सूर सा-सा-रे. काही बोलींत कोंबडीलाही आदिरॅ म्हणतात, सूर रे-सा-रे. खुणा नसतील तर बाईच्या अंगावर काय आहे ते संदर्भावरूनच ठरवायचं.

---

कवडी

'सख्ख्या बहिणी'चं आधी निकालात काढू. योरुबा नायजर-काँगो कुळातली, मराठी-संस्कृत भारोपीय. नातं तपासायचं तर अंक आणि अवयव बघतात. दोन एजी, तीन ॲता, चार ॲरिं, हात ऑवॉ, नाक इमु, कान एती. यात संस्कृत कुठे दिसतं? 'बाबा' जगभर सापडतो, कारण मूल पहिल्यांदा ओठांनी बा-पा-मा असे आवाज काढतं आणि आईबाप ते आपल्याला लावून घेतात. योरुबात बाप म्हणजे बाबा (सा-ग). ऑका बाबा (रे-सा, सा-सा) म्हणजे ज्वारी. आता म्हणाल तर त्या पानावरच्या विद्वानांना ज्वारीचीही व्युत्पत्ती विचारा.

वाकाती आणि साबाबी मात्र योगायोग नाहीत. दोन्ही अरबीतून आले, आणि आपल्याकडचे वखत आणि सबब हेही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. माल एकाच गोदामातला, रस्ते वेगळे. तिकडे तो वाळवंट ओलांडून आला, बरेचदा हौसा भाषेतून. असे आणखी: बारिका (अभिनंदन, शुभ) आणि आपली बरकत, आदुरा (प्रार्थना) आणि दुवा, केफेरी आणि काफर, फितिला (दिवा) आणि पलिता. शेवटच्या जोडीचं मूळ अरबी 'फतीला', म्हणजे वात; फारसीत अक्षरांची अदलाबदल होऊन फलीता, मग आपला पलिता. तिकडे वातीचा दिवा झाला, इकडे बत्ती.

लक्षात ठेवा, हौसा ही योरुबाची नातलग नाही. ती अरबीच्या मोठ्या कुटुंबातली, चाडी शाखेची. हौसा आणि योरुबात सारखा शब्द दिसला तर तो उसनवारीचा धरायचा.

उसना शब्द ओळखायची एक खूण, मोडीवाचकांच्या 'ओनी'शी गल्लत होऊ नये म्हणून. आलुबॉसा (कांदा, अरबी अल्-बसल), आलाआफिया (कुशल, अल्-आफिया), आलिकामा (गहू) यांच्या सुरुवातीला अरबी 'अल्' चिकटलेला आहे आणि सूर पडतात सा-सा. 'वाला' अर्थाचा आला- मात्र रे-ग असतो: आलाशॉ. खुणा असतील तर नुसत्या पहिल्या दोन अक्षरांवर निवाडा होतो. खुणा नसतील तर मधल्या भागाला योरुबात अर्थ आहे का ते बघा. 'बॉसा' नावाची वस्तू नाही, म्हणून आलुबॉसा म्हणजे बॉसावाला नाही.

इंग्रजीतून आलेले शब्द ओळखणं त्याहून सोपं. योरुबाला जोडाक्षर चालत नाही आणि शब्दाचा शेवट व्यंजनाने होत नाही. मग मध्ये स्वर घालतात, बहुधा इ, ओठांच्या व्यंजनाजवळ उ. ब्रेड झाला बुरॅदी, फिल्म झाली फिइमु, ग्लास झाला गिलाआसी. (गिलास म्हणणाऱ्या आपल्या आजीने तीच युक्ती केली, फक्त शेवट मोकळा सोडला.) इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर, तिथे योरुबा वरचा सूर लावते आणि शेवटी खाली उतरते. च नाही म्हणून टीचरची तिशा, चर्चचं शॉऑशी. व नाही म्हणून फ, झ नाही म्हणून स.

---

पानकिडा

खूप उपयोगी. एक अडलंय: कवड्या टाकून कौल घेण्याच्या प्रसंगात 'एरिन्दिन्लोगुन' असा शब्द आहे. एरिन चार, ओगुन वीस, म्हणजे चोवीस कवड्या का? पण पुढच्या पानावर लेखक सोळा म्हणतो.

---

कवडी

लेखक बरोबर आहे. ॲरिं + दिं + नी + ओगुं: वीसमध्ये चार कमी. दिं म्हणजे घटणे. नी-चा ल झाला, कारण पुढे ओ आला. ओनीच्या बाबतीत वर आलेला नियमच हा. चोवीस असतं तर दिं-च्या जागी ले (वर असणे) आलं असतं: ॲरिंलेलोगुं. म्हणजे अख्खा हिशेब मधल्या एका अक्षरावर.

योरुबा अंक विसावर चालतात आणि वजाबाकी मोकळ्या हाताने करतात. अकरा ते चौदा दहात मिळवून; पंधरा ते एकोणीस विसातून वजा करून. एकवीस ते चोवीस मिळवून. पंचवीस ते एकोणतीस तिसातून वजा. आपण एकोणीस, एकोणतीस म्हणतो तेव्हा फक्त एक वजा करतो, ते पाचपर्यंत जातात. चाळीस म्हणजे दोन विसा, ओगोजी. साठ म्हणजे तीन विसा, ऑगॉता. पन्नासला आआदॉता म्हणतात, त्यात साठातून दहा वजा आहेत. मग पंचेचाळीस काय? आरुंदिंलाआआदॉता, पन्नासात पाच कमी, म्हणजे (२० × ३) − १० − ५. वाण्याच्या दुकानात कोडीने, विसाने मोजणाऱ्या जुन्या माणसांना पहिला भाग लगेच कळला असता, दोन वजाबाक्यांनी तेही दमले असते. पुढे इग्बा (रे-रे) म्हणजे २००, आणि हजार म्हणजे पाच इग्बा, ॲग्बॅरुं. इग्बा (रे-ग) मात्र भोपळ्याचं भांडं.

हे आकडे कवड्या मोजण्यातून पक्के झाले असं बरेच अभ्यासक मानतात. २०,००० कवड्यांचं एक पोतं, त्याला ऑकॅ (सा-ग). तोच शब्द २०,००० या संख्येलाही. पुष्कळ कवड्या मालदीवच्या, हिंदुस्थानच्या बंदरांतून युरोपी जहाजांवर चढून पश्चिम आफ्रिकेत उतरलेल्या. इंग्रजीतलं त्यांचं नावही हिंदी 'कौडी'वरून गेलं, म्हणजे आपल्या कवडीचंच भावंड.

आणखी एक सापळा: दिवस मोजताना दोन्ही टोकं धरतात. जुना आठवडा चार दिवसांचा, पण दर 'पाचव्या दिवशी' बाजार म्हणतात. सात दिवसांना आठवडा म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. कथेत 'सतराव्या दिवशी सभा' असेल तर पंचांग मांडताना सोळा दिवस धरा.

---

दोनटिंबे

नावांबद्दल आणि नात्यांबद्दल राहिलंय ते लिहितो.

ॲग्बॉं म्हणजे वयाने मोठं भावंड, आबुरो म्हणजे धाकटं. भाऊ की बहीण हे शब्द सांगतच नाही. सर्वनामही एकच, 'ओ' (ग), त्यात तो-ती-ते सगळं. मराठीत पहिल्याच क्रियापदाला लिंग लागतं, तेव्हा कथेत पुढे कुठे उलगडा होतो ते आधी वाचून घ्या, मग दादा की ताई ठरवा. लेखकाने मुद्दाम लपवलं असेल तर ॲग्बॉं तसंच ठेवून वाक्यरचना फिरवा. शेजारच्या मोठ्या माणसालाही ॲग्बॉं म्हणतात, आपण कुणालाही दादा म्हणतो तसंच, तेव्हा दर वेळी सख्खं नातं समजू नका.

'तू'साठी ओ (रे), 'तुम्ही'साठी ॲ. अनेकवचनच आदरार्थी वापरतात, हे मराठीला फुकटात मिळतं. इंग्रजी छपाईत दोन्हीकडे एकच शब्द असतो, पण संवादात योरुबा अभिवादन आलं असेल तर त्यावरून कळतं: 'ॲ कु...' ने सुरू झालं तर समोरचा मोठा आहे किंवा अनेक जण आहेत. या अभिवादनात कु-पुढे प्रसंग जोडतात. ॲ कु इशॅ काम करणाऱ्याला, ॲ कु इजोकोओ बसलेल्याला, सकाळी ॲ काआआरॉ, येणाऱ्याला ॲ काआबॉ. कोशात कु (ग) म्हणजे मरणे. इथे सूरही तोच, म्हणून सूरपेटींचा उपाय चालत नाही; जागेवरून ओळखायचं. 'ॲ कु इशॅ'चं भाषांतर 'शाबास' असं बरेच जण करतात, ते मला खटकतं, कारण त्यात वरून पाठ थोपटल्याचा सूर येतो. शेताच्या बांधावरून जाणारा माणूस 'काय, काम चाललंय?' म्हणतो तेच इथे हवं.

नावं भाषांतरित करू नका, पण अर्थ माहीत असू द्या. जुळ्यांतलं आधी जन्मलेलं ताइवो: तॉ-आये-वो, जगाची चव बघ. मागून आलेलं केहिंदे, आणि तेच मोठं मानतात, कारण धाकट्याला पुढे पाठवून जग कसं आहे ते बघून ये म्हणणारं ते. जुळ्यांनंतरचं इदोवु. आजोबा गेल्यावर जन्मलेला मुलगा बाबातुंदे, 'बाबा परत आले'. आजीसाठी येतुंदे किंवा इयाबॉ. कथेत केहिंदे धाकट्यासारखं न वागता हुकूम सोडत असेल तर ती लेखकाची चूक नाही.

जन्मून लगेच मरणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुलाला आबिकु म्हणतात: आ-बि-कु, जन्मतं-मरतं. अशा मुलाला थांबवायला वेगळी नावं ठेवतात. मालॉमॉ, 'आता जाऊ नकोस'. दुरोजाये, 'थांब, आयुष्य भोग'. कोसॉकॉ, 'कुदळ नाही', म्हणजे खड्डा खणायलाच काही नाही. १८४५ ते १८५१ लागोसवर राज्य केलेल्या राजाचं नाव हेच. त्यातला ऑकॉ रे-ग, कुदळीचा. सूर न बघता 'नवरा नाही' असं भाषांतर केलंत तर राजाची पंचाईत होईल. मराठी वाचकाला इथे तळटीप एका ओळीची पुरे: मुलं जगत नसली की आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवत, त्यातला हा प्रकार.

नातलग भाषांचं विचारलं नाहीत, पण फोड पडताळायला त्या कामाला येतात. सर्वांत जवळच्या दोन: नायजरच्या मुखाकडे वॉरीच्या आसपास इत्सेकिरी, आणि नायजर-बेन्यूच्या संगमाजवळ इगाला. योरुबा र-च्या जागी इगालात ल मिळतो: चार ॲरिं–ॲलॅ, पाच आरुं–ॲलु. दहा ॲवा–ॲग्वा. असा फरक शब्दामागून शब्दात एकाच पद्धतीने पडतो तेव्हा नातं धरतात, दोन शब्द दिसायला सारखे आहेत म्हणून नव्हे. इग्बो जरा लांबची. तरी तीन ॲता–आतॉ, कान एती–न्ती, तोंड ॲनु–ऑनु असे धागे आहेत. एदोतला ऑबा (राजा) आणि योरुबातला ऑबा मात्र पुरावा म्हणून वापरू नका. दोन्ही दरबारांचा एवढा संबंध होता की तो वारशाने आला की इकडून तिकडे गेला हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही.

---

पानकिडा

शेवटचं. एका कथेत बाई ब्राझीलहून परत येते आणि तिकडच्या 'अकाराजे'ची आठवण काढते. ते योरुबाच ना? त्याला तळटीप काय द्यावी?

---

मोडीवाचक

हो. आकारा (सा-सा-सा) म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, फेटून तळलेले वडे. जॅ म्हणजे खाणे. ब्राझीलच्या बाहिया राज्यात ते पाम तेलात तळतात आणि फोडून आत सारण भरतात. तळटिपेत 'चवळीचे वडे' पुरे, 'भजी' लिहू नका, पीठ कालवून केलेलं नसतं ते. ब्राझील आणि क्युबाकडच्या शब्दांवर एक सावधगिरी: पोर्तुगीज-स्पॅनिशच्या तोंडी सूर उरले नाहीत, आणि ए-ॲ, ओ-ऑ हे भेदही लिखाणात बहुधा दिसत नाहीत. आशॅ (सा-रे, शक्ती, 'तसं होवो') तिकडे अशे, ओरिशा (देवता) तिकडे ओरिशा, हे रुळलेले आहेत म्हणून ओळखू येतात. पूजेच्या गाण्यांतला अनोळखी शब्द असेल तर एकाला चार-पाच योरुबा शब्द जुळतात. तिथे एक निवडून अर्थ लिहू नका, शब्द आहे तसा देवनागरीत उतरवा.

---

सूरपेटी

भर एवढीच की अनुवादात सा-रे-ग छापू नका, ते आपल्या टाचणांपुरतं. पुस्तकात ऑकॉ लिहा आणि वाक्यातून नवरा की गाडी ते कळेल असं बघा. टाचणांत मात्र प्रत्येक शब्दापुढे सूर, तुकडे आणि कोशातलं मूळ रूप तिन्ही नोंदवा. मूळ रूप टाइप करताना टिंब आणि रेघ ही वेगवेगळी चिन्हं म्हणून बसतात, काही फॉन्टमध्ये रेघ शेजारच्या अक्षरावर सरकते, आणि मग शोध घेतला तर तोच शब्द सापडत नाही. एकाच कळफलकावरून सगळं टाइप करा, निरनिराळ्या पानांवरून चिकटवू नका.